सालीचं पाणी आणि चुन्याची निवळी

आमच्या घराच्या हातात कावीळ उतरवायचा गुण आहे, असं कापडे गावापासून वरच्या सगळ्या वाड्यांमध्ये मानत. उमरठकडून माणसं येत, कशेडीचा घाट चढून पलीकडूनही येत. पिवळ्या डोळ्यांची, गळालेली माणसं आमच्या पडवीत येऊन बसत आणि मी त्यांची कावीळ उतरवत असे. बारा-तेरा वर्षं मी हे केलं. त्यातल्या एका माणसाची कावीळ मी ज्या दिवशी उतरवली, त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. तो माणूस माझा नवरा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला आडवळणाने जाता यायचं नाही. आडवळणाची मला फार सवय आहे.

मी महाडची. वडील शाळेत शिपाई होते. ते घंटा द्यायला जात, त्यांच्या मागे मी जाई, आणि मागच्या भिंतीला टेकून ऐकत बसे, तेव्हा मास्तरांनी मला पाटीच आणून दिली. चौथीपर्यंत शिकले. वडिलांना त्याचा केवढा अभिमान! आल्यागेल्याला माझ्याकडून पत्र वाचून दाखवायचे. आणि एवढं करून दिली कुठे, तर पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाडीत. आठ-दहा घरं, घराघराला गुरं, उतारावर नाचणी-वरी आणि खाली ओढ्याच्या कडेने भाताची चार खाचरं. तिथे चौथीला विचारतं कोण? पहिल्या पावसाळ्यात मी लावणीला उभी राहिले, तर मी लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती.

"म्हाडवालीनं भात लावला का पोहायला सोडला गो?" एकीने विचारलं आणि सगळी ओळ कमरेतून वाकून हसली. त्या दिवसापासून माझं नाव म्हाडवाली पडलं. मूल झालं असतं तर ते नाव पुसलं असतं, पण तेही झालं नाही. विहिरीवर मला जागा करून द्यायचं कुणाला सुचत नसे. मी रागीट. तोंडावर काही बोलत नसे, घरी येऊन भांडी आपटत असे.

सासूबाईंना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तेव्हा त्यांनी मला कावीळ उतरवायला शिकवलं. ही विद्या थोरल्या सुनेकडे जायची, तशी ती माझ्याकडे आली. मंगळवारी उजाडताच कुणाशी न बोलता आंब्याची साल काढायची. ती ठेचून तांब्यातल्या पाण्यात घालायची. दुसऱ्या भांड्यात चुन्याची निवळी, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर राहतं ते नितळ पाणी. आजाऱ्याला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, सालीचं पाणी त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोळायला द्यायचं, ते सुकेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं आणि मग हात काशाच्या ताटावर धरून वरून निवळी ओतायची. ताटात पाणी पडे ते हळदीसारखं पिवळं! बघणारा प्रत्येक जण "उतरली, उतरली" म्हणे. असं तीन दिवस करायचं. साल तीच, पाणी रोज नवं. दुसऱ्या दिवशी पिवळं कमी पडे, तिसऱ्या दिवशी नुसती झाक. म्हणजे कावीळ संपली. कुणाकडून काही घ्यायचं नाही, फक्त नारळ, तोही देवापुढे ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरवणारीने आपल्या हातांना आधी भरपूर खोबरेल तेल लावायचं, नाहीतर कावीळ तिच्या हातांना चिकटते.

वर पथ्य होतंच. एकवीस दिवस तेल, तिखट, मासळी, दारू वर्ज्य. ताकभात खायचा आणि निजून राहायचं. बहुतेक माणसं बरी होत. बरी होणारच होती, हे मला फार पुढे कळलं.

पण त्या वेळी मी काय सांगू! मुंबईला गोदीत काम करणारा एक बाप्या माझ्या पाया पडला. लावणीत हसलेल्या बायका आता विहिरीवर "ये गो बाय, आधी तू भर" म्हणायला लागल्या. एकीने तर आपली घोंगडी अंथरून मला बसवलं. मी बसले. पाय पसरून बसले अगदी.

आमचे हे गाडीवान होते. भाताची कामं आटोपली की गाडी जुंपायची, डोंगरातला हिरडा आणि भात पोलादपूरवरून महाडच्या बंदरावर पोचवायचं आणि येताना मीठ, गूळ, सुकी मासळी आणायची. अंगाने धिप्पाड. बैलांना शिव्या द्यायचे त्याही गाण्याच्या चालीवर. पोलादपुरात गुत्ता होता. तिथे सगळे गाडीवान थांबत. घाटरस्त्याने अंग मोडून येतं, थंडी-पावसात भिजायला होतं, मग घोटभर घ्यायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पुढेपुढे आमचे बैलच गुत्त्यासमोर आपोआप उभे राहायला लागले. वाडीतले लोक ही गोष्ट रंगवून सांगत आणि हे सगळ्यांत मोठ्याने हसत. मीही हसले आहे.

पिऊन त्यांनी माझ्या अंगावर कधी हात टाकला नाही. मी त्यांना मेल्या, मुडद्या काय वाटेल ते बोलायची, तर म्हणायचे, "बोल गो बोल, म्हाडची शाळा फुकट जाऊ देऊ नको." त्याने माझा राग जायचा. मारलं असतं तर वडिलांना बोलावून घेतलं असतं, चार माणसं बसली असती. चांगल्या स्वभावाच्या माणसाचं पिणं कुणाच्या डोळ्यावर येत नाही. माझ्यासुद्धा आलं नाही, आठ-नऊ वर्षं.

पहिल्यांदा हात गेले. सकाळी पेजेची वाटी तोंडापर्यंत जाईतो निम्मी सांडायची. घोटभर दारू पोटात गेली की हात जागेवर. मग बैल जुंपता येत, कासरा धरता येत असे. म्हणून मी कणगीत भातामध्ये एक बाटली पुरून ठेवायला लागले आणि सकाळी करवंटीत ओतून मीच त्यांच्या हातात द्यायला लागले. "औषध घ्या," म्हणायची. पेज नंतर, करवंटी आधी. बायको म्हणून मी किती समजूतदार आहे असंही मला वाटायचं. आता वाटतं, ती करवंटी माझ्याच डोक्यात कुणीतरी हाणायला हवी होती.

मग पाय गेले. पायात मुंग्या येतात म्हणायचे, मग म्हणायचे तळवे कापसावर पडल्यासारखे वाटतात. पौषात एका सकाळी शेकोटीशी बसलो होतो. निखारा उडून त्यांच्या पायाच्या करंगळीशी पडला. कातडं करपल्याचा वास मला आला. हे आपले बैलाची गोष्ट सांगत बसलेले, तीच जी आदल्या दिवशी सांगितली होती. मी निखारा उडवला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "अगो, हे कवा झालं?"

तेव्हा मी घाबरले. पण कुणाला बोलले नाही. कावीळ उतरवणारीच्या घरात माणूस दारूने सुकतो आहे, हे कुणाला सांगायचं?

त्याच्या पुढच्याच चैत्रातली गोष्ट. घरातलं खोबरेल संपलं होतं. एका आजाऱ्याचं तिसऱ्या दिवसाचं काम झालं होतं, तो गेला होता आणि मी ताट-तांब्या घासायला घेतला. ठेचलेली साल हाताने काढून टाकली. मग निवळीचं भांडं विसळलं, तर माझे हात पिवळे! चिकटली, म्हटलं. तेल लावलं नव्हतं ना. दोन दिवस फणेरपेटीतल्या आरशात डोळे बघत होते. डोळे पांढरेशुभ्र. भूक नेहमीची, जरा जास्तच. तिसऱ्या दिवशी सासूबाई बाहेर गेलेल्या पाहून मी नवी साल काढली. आधी साध्या पाण्याने हात धुऊन वर निवळी घेतली. काही नाही, स्वच्छ पाणी. मग सालीचं पाणी लावून निवळी घेतली. पिवळं. परत केलं. परत पिवळं. सालीचं पाणी लावायचं नाही, तर निवळी कुणाच्याही हातावरून स्वच्छच पडते. लावायचं, तर कुणाच्याही हातावरून पिवळी पडते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला याहून जास्त कुणी काय समजवायचं?

मी ताट पालथं घातलं, भांडी जागेवर ठेवली आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून येताना यांना खोबरेल आणायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात एक आजारी आला, त्याची कावीळ उतरवली. त्यानंतर आलेल्यांचीही उतरवली. घोंगडीवरची जागा सोडवत नव्हती, दुसरं काय!

त्याच वर्षी भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या सुमाराला यांचे डोळे पिवळे झाले. आधी मी म्हटलं, ऊन आहे. मग नखं पिवळी झाली. पायांवर सूज आली, बोट दाबलं की खळगा राहायचा. जेवण जाईना. मी हट्टाने गाडी जुंपायला लावली आणि माहेरी महाडला घेऊन गेले. वडिलांनी आम्हाला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी यांना फळीवर निजवलं, उजव्या बरगडीखाली बोटं रोवली आणि मला म्हणाले, "बाई, इथे हात लावून पाहा." मी लाजत हात लावला. आत दगडासारखं काहीतरी लागलं.

"हे यकृत," ते म्हणाले. "दारू रोज यातून गाळून जाते. गाळता गाळता हे निबर झालं आहे. कावीळ ही त्याची खूण आहे, वेगळा रोग नाही. ती कुणी उतरवून उतरणार नाही." वडिलांनी त्यांना माझ्या विद्येचं सांगितलं होतं, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. "आज सोडलीत तर अजून पुष्कळ दिवस काढाल. नाही सोडलीत तर पोटात पाणी भरेल, मग रक्त पडेल. मात्र घरच्या घरी एकदम सोडू नका. थरथर सुटेल, नाही ते दिसायला लागेल. आठ-दहा दिवस इथे माझ्या नजरेखाली ठेवा."

हे फळीवरून उठले. "भात उभा हाय," म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

येताना सावित्री नदीच्या काठाकाठाने निम्मी वाट सरली. मग त्यांनीच गाडी थांबवली. बैलांकडे बघत म्हणाले, "असं कर. तू उतरव. उतरली तर डॉक्टराला काय समजत नाय. आन नाय उतरली, तर तुझ्या गळ्याची आन, मी परत म्हाडला येतो, त्या फळीवर निजतो आन परत दारूला शिवत नाय. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

आता नीट ऐका, कारण माझी लाज इथे आहे. मला माहीत होतं की हे सगळं माझ्या हातात आहे. तांब्यात साल न घालता नुसतं पाणी ठेवायचं, एवढंच काम. ते हातांना चोळतील, मी निवळी ओतीन, ताटात स्वच्छ पाणी पडेल. नाही उतरली. ते आण मोडणारे नव्हते. मंगळवारी उजाडताच मी आंब्याखाली गेले ती कोयता घेऊन, पण साल काढायची नाही असं ठरवून. पाच-दहा मिनिटं झाडाशी नुसती उभी राहिले.

परत येऊन बघते तर अंगण भरलेलं. म्हाडवाली आज आपल्या घरधन्याची कावीळ उतरवणार, ही बातमी पसरली होती. कापडे गावची माणसं आली होती. लावणीत मला हसलेल्या सगळ्याजणी पुढच्या ओळीत उकिडव्या बसलेल्या. सासूबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. दिसत नव्हतं तरी तोंड ताटाकडे करून. त्या शेजारणीला सांगत होत्या, "माझ्या हातून कवा चुकली नाय, हिच्याबी हातून चुकायची नाय."

माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं लिहिते. नवऱ्याचीच उतरली नाही, तर उद्या आपल्याकडे कोण येईल? ह्या बाया काय म्हणतील? म्हाडवालीनं कावीळ उतरवली का पोहायला सोडली? हे मनात आलं. नवऱ्याचं दगडासारखं लागलेलं पोट मनात आलं नाही.

मी परत आंब्याकडे वळले आणि साल काढून आणली.

पाणी पिवळं पडलं. ताज्या, भरपूर सालीचं. इतकं पिवळं कधी कुणाचं पडलं नव्हतं. "उतरली! उतरली!" लोकांनी गलका केला. सासूबाई रडायला लागल्या. यांनी मात्र ताटाकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"उतरली ना गो?" त्यांनी विचारलं.

"उतरली," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, हात धोतराला पुसले आणि उठले.

पथ्य त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी घाम आणि थरथर सुटली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून झाडू मारत बसले. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. चौथ्या दिवशी मीच कणगीतली बाटली काढली आणि करवंटी भरून दिली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं होत होतं, पण डॉक्टर महाडला होते आणि आमची कावीळ उतरलेली होती.

पुढची अडीच-तीन वर्षं मी भराभर सांगते, मला त्यात रेंगाळवत नाही. आणखी दोनदा डोळे पिवळे झाले, दोन्ही वेळा मी उतरवली. तेव्हा यांनी काही विचारलं नाही, नुसते हात पुढे केले. गाडी हाकणं सुटलं. बैल धाकट्या दिरांनी नेले, जाताना बैल मागे बघत होते आणि हे पडवीतून उठले नाहीत. दंड सुकले, मांड्या सुकल्या आणि पोट तेवढं भरल्या कणगीसारखं पुढे आलं. वाडीतले म्हणायला लागले, कुणीतरी करणी केली. मीही म्हटलं, हो, केलीच असेल कुणीतरी. कोणी केली हे मला ठाऊक होतं! महाडला नेऊन दोनदा पोटातलं पाणी काढलं. डॉक्टरांनी सुई घातली आणि नळीतून पाणी खालच्या पातेल्यात पडायला लागलं. मी सहज वाकून पाहिलं. फिकट पिवळं होतं ते, माझ्या ताटात दुसऱ्या दिवशी पडायचं तसं. मला भोवळ आली. डॉक्टरांना वाटलं, बाई नाजूक आहे.

दिवसा झोपायचे, भलत्या वेळी जागे असायचे. मला कधी आई म्हणायचे, कधी बैलाच्या नावाने हाक मारायचे. हिरड्यांतून रक्त यायचं. दारू मात्र शेवटी त्यांनीच सोडली होती, कारण ती पोटात ठरत नव्हती. आता सोडून काय उपयोग, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं एकदा. अशी मी. दुसऱ्याला बोलायला माझी जीभ कधी अडली नाही.

कार्तिकात भाताची कापणी चालली होती. वाडीतलं सगळं माणूस खाचरात. सासूबाईसुद्धा कडेला बसायला म्हणून गेल्या होत्या. दुपारी पडवीत आम्ही दोघंच. त्या दिवशी यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. भात कसा पडला आहे विचारलं, बैलांचं विचारलं. मग म्हणाले, "तुझे हात खराब झाले गो. म्हाडवरून आलीस तवा कसे मऊ व्हते."

मला राहवलं नाही. मी उठले, साल ठेचून आणली, निवळी आणली, ताट त्यांच्यापुढे ठेवलं. तेल लावलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत माझ्याच हातांना सालीचं पाणी लावलं, सुकू दिलं आणि वरून निवळी ओतली. ताटात पिवळं पाणी पडलं.

"बघा," मी म्हटलं. "मला कुठे कावीळ आहे? हे सालीचं आहे. सगळ्यांचं असंच पडतं. तुमची उतरवली तेव्हा मला हे माहीत होतं. मी खोटं बोलले." आणि मी रडायला लागले. वाटलं, आता हे शिव्या घालतील. घालाव्यात असंच वाटत होतं.

त्यांनी ताटात बोट बुडवलं आणि बोटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"सालीचं. ल्हानपनी आई खाचरात गेली की मी न् धाकला हेच खेळायचो. पिवळं पानी, पिवळं पानी. येकदा आईनं बघितलं. ठो ठो मारलं. म्हनाली, मेल्यांनो, चिकटवून घेतलीत! आन आमची दोघांची बी उतरवलीन." ते हसले. हसताना हिरड्या लाल दिसल्या.

माझं रडणं थांबलं. "मग मला कशाला उतरवायला लावलीत? एवढी आण कशाला घेतलीत?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाले, "माझ्याच्यानं सुटत नव्हती गो. मी कितींदा ठरवलं, बैल गुत्त्यापुढं हुबं ऱ्हायाचं. वाटलं, तू शिकलेली. तू काय ते करशील. चार मानसांत नाय उतरली म्हनशील. मग मी म्हाडला गेलो असतो. मला कुनीतरी नाय म्हनायला पायजे व्हतं."

आवाजात राग नव्हता. भात कसा पडला विचारलं होतं, त्याच आवाजात सांगितलं. मी ताट उचलून नेलं, पाणी केळीच्या बुडाशी ओतलं आणि तिथेच बसून राहिले. माणसं खाचरातून परत येईपर्यंत माझ्याने उठवलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. दुसरी झाली तेव्हा गाडी जुंपायला सांगितली होती, पण ती जुंपून होईपर्यंत सगळं संपलं.

तेरावं झालं. फाल्गुनात घाटापलीकडून एक जोडपं आलं. पुरुष माझ्या नवऱ्याच्याच वयाचा, डोळे पिवळे. मी पाणी दिलं, तर तांब्या तोंडापर्यंत नेताना त्याचा हात थरथरला आणि सदऱ्यावर पाणी सांडलं. त्याच्या बायकोने पटकन पदराने ते पुसलं, मी पाहू नये म्हणून. मला सगळं कळलं. तिला आत न्यावं, दार लावावं, साल आणि निवळी तिच्यापुढे ठेवून सांगावं की अगं बाई, याला आत्ताच्या आत्ता महाडला ने, एवढंच माझं काम होतं.

"मी आता उतरवत नाही," मी म्हटलं. "महाडच्या दवाखान्यात न्या."

"का गो बाय?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "घरधनी गेला तसा तिच्या हातातला गुन गेला."

मी सांगू शकले असते. सासूबाईंच्या देखत सांगायचं होतं, एवढीच अडचण. मी खाली मान घातली आणि हो म्हटलं.

ते महाडला गेले नाहीत. पलीकडच्या वाडीत कुणी अंगारा देतो म्हणत, त्याची वाट विचारून तिकडे गेले. जाताना ती बाई परत पडवीत आली, तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माझी समजूत घातली, "रडू नको गो बाय. तुझा गुन परत येईल."